आधाराची दोरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्यापूर्वी बोलून गेलेले वक्ते आपापल्या विषयांतले अधिकारी होते. संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठ्यांची उत्तरेकडील वाटचाल अशा भारदस्त विषयांवरची व्याख्याने आपण ऐकली. मी डॉक्टर नाही, वास्तुविशारद नाही. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालेला आणि पुढे तीसएक वर्षे केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींवर शेरे लिहीत गावोगाव फिरलेला मी एक सामान्य माणूस आहे. आपल्या कार्यवाहांनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "म्हातारी आणि अपंग माणसे घरात पडतात, त्याविषयी बोलेन." ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "साहेब, उत्सवाला साजेसा एखादा विषय नाही का?" विषय साजेसा आहे की नाही, याचा निर्णय मी शेवटी आपल्यावरच सोपवणार आहे.

प्रारंभी एक घरगुती गोष्ट सांगतो. माझी आई वाईची. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आमच्या आजोळचा वाडा होता. त्या वाड्याचा जिना अरुंद, उभा आणि दिवसाही काळोखा. पण वरच्या तुळईला बांधलेली एक जाड दोरी त्या जिन्यावर लोंबत असे. वर्षानुवर्षांच्या हातांनी ती गुळगुळीत आणि काळी पडली होती. शाळेत जाणारी पोरे ती दोरी धरून चढत, आणि ऐंशीच्या घरातली पणजीही तीच दोरी धरून उतरे. दोरी धरली म्हणून कुणी कुणाला म्हातारे म्हणत नसे. ती घराचाच एक भाग होती, जशी दाराला कडी असते तशी.

वडील गेल्यावर २०१४ साली मी आईला माझ्याकडे भोपाळला घेऊन आलो. सरकारी वसाहतीतले दोन खोल्यांचे घर. जमिनीला नव्या पद्धतीची चकचकीत पांढरी फरशी, न्हाणीघरालाही तीच, आणि न्हाणीघराचे पाणी बाहेर येऊ नये म्हणून दारात चार बोटे उंचीचा दगडी उंबरा. आई आली त्याच आठवड्यात मला म्हणाली, "अरे, त्या मोरीत एखादी दोरी तरी बांध. धरायला काहीच नाही तिथे." मी हसलो. म्हटले, "आई, सरकारी घर आहे. भिंतीला भोक पाडायचे तर परवानगी लागते. आणि वर्ष-दीड वर्षात बदली होणारच आहे." ती पुन्हा काही बोलली नाही.

त्या डिसेंबरात, पहाटे तीनच्या सुमारास, ती एकटीच उठली. दिवा लावला तर आमची झोपमोड होईल, म्हणून तिने तो लावला नाही. थंडीमुळे पायात लोकरी मोजे होते. उंबऱ्याला पाय अडखळला, हात भिंतीवर गेला, आणि गुळगुळीत भिंतीवर त्या हाताला धरण्यासारखे काहीही सापडले नाही. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, डॉक्टरांनी आपले काम चोख केले, चार महिन्यांनी आई वॉकर घेऊन चालू लागली. परंतु जी बाई वाईच्या घाटाच्या पायऱ्या पहाटे एकटी उतरत होती, ती पुढे रात्री कुणाला हाक मारल्याशिवाय अंथरुणातून उठली नाही. वाईला परत जाण्याचे तिने मनातून काढूनच टाकले. २०१७ च्या आषाढात ती गेली. त्या दोरीविषयी तिने मला एकदाही बोलून दाखवले नाही.

आई रुग्णालयात असतानाच मी वसाहतीच्या देखभाल कार्यालयात अर्ज दिला. अर्ज एका पानाचा होता. तिसऱ्या दिवशी परवानगी मिळाली, आणि आठवड्याच्या आत न्हाणीघरात दोन दांड्या बसल्या. आयुष्यभर इतरांच्या अर्जांवर मी शेरे मारले. हा एक अर्ज मात्र मी वेळेवर लिहिला नाही. आजच्या भाषणाचे कारण एवढेच आहे.

बंधुभगिनींनो, ही केवळ माझ्या घरची हकीकत असती तर ती सांगून मी आपला वेळ घेतला नसता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लक्ष ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल क्रम लागतो तो पडण्याचा, आणि त्यातही साठीच्या पुढची माणसे सर्वांत अधिक. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसांची संख्या १० कोटींहून अधिक आणि अपंगांची २ कोटी ६८ लक्ष भरली होती. रस्त्यावर अपघात झाला तर पंचनामा होतो, वृत्तपत्रात चार ओळी येतात. न्हाणीघरात पडलेल्या आजीची नोंद कुठेच होत नाही. "वय झाले होते" एवढे म्हणून आपण तो विषय मिटवतो.

वयाला दोष देणे सोपे आहे, परंतु तो अर्धाच खरा आहे. वयाबरोबर शरीरात काही बदल होतात हे नाकारता येत नाही. मांड्यांतली शक्ती उणावते. आडवे झोपलेले माणूस एकदम उभे राहिले, तर रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या आणि झोपेच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने एकतृतीयांशच प्रकाश पोचतो, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. म्हणजे जो दिवा नातवाला पुरतो तो आजोबांना पुरत नाही. पाऊल चुकले तर तरुण माणूस क्षणार्धात तोल सावरतो. वृद्धाचे शरीर तोच निरोप पायापर्यंत पोचवायला थोडा अधिक वेळ घेते. हे सारे खरे. पण ज्या घरात उंबरा दिसतो, फरशी कोरडी आहे, दिवा हाताशी आहे आणि हाताला आधार आहे, त्या घरात हेच वय, हेच डोळे आणि हेच पाय घेऊन माणूस सुखरूप वावरतो. वय आपल्या हातात नाही, घर आहे.

यासंबंधी चांगला पुरावाही उपलब्ध आहे. न्यूझीलंडच्या तारानाकी भागात ८४२ कुटुंबांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्या घरांत सुतार-गवंडी पाठवून साधी कामे करून घेतली: पायऱ्यांना कठडे, न्हाणीघरात पकडदांड्या, बाहेर दिवे, पायऱ्यांच्या कडांना न घसरणारे पट्टे. उरलेल्या घरांत ही कामे पाहणी संपल्यावर केली. ज्या घरांत कामे आधी झाली, तेथे घरात पडून होणाऱ्या दुखापती सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२३ साली अशा अनेक पाहण्यांचा एकत्र आढावा कोक्रेन या संस्थेने घेतला. त्यातून दिसले की सर्वाधिक लाभ होतो तो ज्यांना धोका अधिक आहे त्यांना, म्हणजे जे वर्षभरात एकदा पडलेले आहेत किंवा ज्यांना रोजच्या कामांत मदत लागते त्यांना. त्यांचे पडणे सुमारे ३८ टक्क्यांनी घटले. ध्यानात घ्या, हे औषध नव्हते. सुताराची आणि गवंड्याची ती कामगिरी होती.

आता आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांकडे वळतो. आपल्या घरांत हा धोका दोन कारणांनी वाढतो, असे माझे निरीक्षण आहे.

पहिले कारण असे की आपले आईवडील या घरात पाहुणे असतात. वर्षातले सहा महिने पुण्याच्या मुलाकडे आणि सहा महिने आपल्याकडे, असा त्यांचा प्रवास चाललेला असतो. म्हातारे माणूस स्वतःच्या घरात निम्मे डोळ्यांनी आणि निम्मे पायांच्या आठवणीने चालते. माजघरातून मोरीपर्यंत किती पावले, कुठे पायरी, कुठे वळण, हे सारे चाळीस वर्षांत पावलांना पाठ झालेले असते. आपण त्यांना गाडीत बसवून हजार किलोमीटरांवर आणतो, तेव्हा सामान बरोबर येते, पण ही पाठ झालेली वाट मागेच राहते. रात्री झोपेतून उठलेली आई वाईच्या घरातली पावले टाकते आणि भिंत भोपाळची लागते.

दुसरे कारण आपल्या मनातले आहे. आपण बदलीच्या घरात राहतो, अथवा भाड्याच्या घरात. आपले खरे घर केव्हातरी, निवृत्तीनंतर, पुण्याला किंवा नाशिकला होणार असते. म्हणून या घरात आपण खिळासुद्धा जपून ठोकतो. वीस-वीस वर्षे आपण अशी तात्पुरती काढतो. परंतु आईवडिलांच्या वयाला ही तात्पुरती व्यवस्था मान्य नसते. त्यांचे आजचे पाऊल आजच्या फरशीवर पडते. ज्या घरात आज रात्री आपली माणसे झोपणार आहेत, तेच त्यांचे घर होय. मग भाडेचिठ्ठी कुणाच्याही नावाची असो.

तेव्हा करायचे काय? मी आपणांस माझ्या घरात, एका खोलीतून दुसरीत, घेऊन जातो.

प्रथम अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतची वाट पाहा. रात्रीचे बहुतेक पडणे याच वाटेवर होते. पलंगाची उंची अशी असावी की काठावर बसल्यावर दोन्ही पाऊले जमिनीला पूर्ण टेकतील. दिव्याचे बटण पडल्यापडल्या हाताला लागावे. ते शक्य नसेल तर बारीक दिवा रात्रभर जळत ठेवावा. वीज जाणाऱ्या गावांत उशाशी बॅटरी हवी. वाटेवरची सतरंजी, दुमडलेले पायपुसणे, पंख्याची लोंबणारी तार, नातवाची तीनचाकी, हे सारे रात्री बाजूला सरकवावे. हिवाळ्यात नुसते लोकरी मोजे घालून फरशीवर चालू देऊ नये. हे वाक्य उच्चारताना माझा आवाज थोडा बदलतो, त्याबद्दल क्षमा करावी. मोज्यांवर मागून बंद असलेली, रबरी तळाची चप्पल हवी. उठताना आधी काठावर बसावे, मिनिटभर पाय हलवावेत, मगच उभे राहावे.

मग उंबरा. आपल्या संस्कृतीत उंबरठ्याला मान आहे. तो उखडून टाका असे मी म्हणणार नाही. पण त्याला रंग द्या. पांढऱ्या फरशीतला पांढरा उंबरा म्हाताऱ्या डोळ्यांना दिसतच नाही. लाल किंवा गडद निळा पट्टा ओढला तर तो दिसतो. चाकांची खुर्ची अथवा वॉकर असेल, तर दोन्ही बाजूंनी लाकडी उतरण करून घ्यावी. उतरणीचा सरकारी मार्गदर्शक नियम सोपा आहे: उंची एक, तर लांबी बारा. सहा इंचांच्या पायरीसाठी सहा फूट लांबीची उतरण लागते. जागा नाही म्हणून दोन फुटांत उरकलेली उतरण ही पायरीपेक्षाही वाईट, कारण तिच्यावरून खुर्ची मागे घसरते.

न्हाणीघर हे सर्वांत महत्त्वाचे. संडासाजवळ आणि आंघोळीच्या जागी पकडदांडी असलीच पाहिजे. मुठीत सहज मावेल अशी, सुमारे चार सेंटिमीटर जाडीची, आणि पक्क्या भिंतीत लांब खिळदट्ट्यांनी घट्ट बसवलेली. टॉवेलची नळी म्हणजे पकडदांडी नव्हे, आणि हात धुण्याचे भांडेही नव्हे. ती टॉवेलाचे वजन पेलते, माणसाचे नाही, आणि नेमक्या वेळी हातात निघून येते. दांडी किती उंचीवर लावावी? पुस्तकात आकडे आहेत, पण उत्तम उपाय असा की ज्यांच्यासाठी ती लावायची त्यांनाच तिथे उभे करावे, बसवावे, आणि त्यांचा हात आपोआप जिथे जाईल तिथे खडूने खूण करावी. गवंड्याने ती खूण पाळावी. भारतीय बैठकीवर उकिडवे बसणे जमत नसेल तर वर ठेवायची खुर्ची बाजारात मिळते. आंघोळ बसून करावी, पण डुगडुगणाऱ्या प्लास्टिकच्या स्टुलावर नव्हे. चारही पायांना रबर असलेल्या भक्कम खुर्चीवर. दार बाहेर उघडणारे असावे, आणि आतली कडी बाहेरूनही काढता येईल अशी असावी. माणूस आत दाराला टेकून पडले, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगामुळे उघडत नाही.

येथे आपल्या एका लाडक्या सणाचाही उल्लेख करतो. नरकचतुर्दशीची पहाट म्हणजे अंधार, थंडी, अंगाला तेल, उटणे, आणि खालच्या फरशीवर या सर्वांचा मिळून झालेला लेप. आधी आजोबांना आंघोळ घालावी की नातवाला, हा मानाचा प्रश्न आपण दरवर्षी सोडवतो. त्यात एक भर घाला: प्रत्येकाच्या आंघोळीनंतर फरशी गरम पाण्याने आणि साबणाच्या चुऱ्याने घासून काढा, आणि तेल न्हाणीघरात न लावता बाहेर पाटावर बसवून लावा. अभ्यंगस्नानाचे पुण्य त्याने उणे होणार नाही.

स्वयंपाकघरात रोज लागणारे डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर ठेवा. पापडांचा डबा माळ्यावर असेल, तर तो काढायला सत्तर वर्षांची गृहिणी स्टुलावर चढणार, हे आपण धरूनच चालावे. तिला मनाई करून उपयोग नाही, डबाच खाली आणावा. देवघर जमिनीलगत असेल आणि पाटावरून उठताना त्रास होत असेल, तर देव टेबलावर घ्यावेत. खुर्चीवर बसून केलेली पूजा देवाला चालते, असा माझ्या आईने शेवटी निर्वाळा दिला होता.

घराइतकेच माणसाकडेही लक्ष हवे. वर्षातून एकदा डोळे तपासावेत. मोतीबिंदू अंगावर काढू नये. दोन नंबरांच्या चष्म्यातून खाली पाहिले की पायरी धूसर दिसते, हे जिना उतरताना ध्यानात ठेवावे. सर्व गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवाव्यात आणि कोणती गोळी चक्कर आणते ते विचारावे; आपण होऊन कोणतीही बंद करू नये. झेपेल त्यांनी भक्कम खुर्चीवरून हातांच्या मदतीशिवाय उठण्या-बसण्याचा सराव रोज दहा वेळा करावा, शेजारी कुणी असताना. मांड्या बळकट असतील तर निम्मे काम झाले.

आणि इतके करूनही कुणी पडलेच, तर धावत जाऊन काखेत हात घालून उचलू नका. आधी विचारा, कुठे दुखते. खुब्यात कळ असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलवू नका, रुग्णवाहिका बोलवा. डोक्याला मार लागला असेल आणि माणूस रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर वरकरणी काही झालेले नसले तरी रुग्णालय गाठा. ज्यांना घरात एकटे राहावे लागते त्यांनी फोन गळ्यात अडकवून ठेवावा; भिंतीवरचा फोन पडलेल्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

आतापर्यंत मी वृद्धांविषयीच अधिक बोललो. अपंगांविषयी मला जे थोडे समजले, ते आपल्याच मंडळातील एका भगिनीने शिकवले. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्या दोन कुबड्यांवर चालतात. मी त्यांना विचारले, "ताई, आपण काय काळजी घेता?" त्यांनी कुबडी उलटी करून मला तिच्या टोकाचे रबर दाखवले. "साहेब, हे झिजले की ओल्या फरशीवर कुबडी निसटते. दर दोन-तीन महिन्यांनी मी हे स्वतः पाहते. पण लोकांच्या घरी गेले की कुणीतरी नुकतीच फरशी पुसलेली असते, माझ्या स्वागतासाठी!" मग किंचित थांबून त्या म्हणाल्या, "आम्हांला पडायची सवय असेल असे लोकांना वाटते. पडायची सवय कुणालाच होत नसते." हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि त्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांचा अंतर्भाव आहे. सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्यासाठी सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झाले. कमी उत्पन्नाच्या वृद्धांना काठी, वॉकर, चाकांची खुर्ची विनामूल्य देणारी राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हा साहाय्यता क्रमांक आहे. सरकारी नोकर म्हणून मी एवढेच सांगेन की कायदा कार्यालयाच्या दारापर्यंत येतो. आपल्या न्हाणीघराच्या दारापर्यंत आपल्यालाच जावे लागते.

सर्वांत अवघड भाग मी शेवटी ठेवला आहे. दांडी बसवणे सोपे आहे. "दांडी बसवू या" असे वडिलांना म्हणणे कठीण. "मला काय धाड भरली आहे?" हे उत्तर आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्या रागामागे भीती असते. ज्या दिवशी भिंतीला दांडी लागली, त्या दिवशी आपण म्हातारे झालो यावर शिक्का बसला, असे त्यांना वाटते. येथे मला वाईच्या वाड्यातली ती दोरी आठवते. ती पणजीसाठी म्हणून कुणी बांधलेली नव्हती. ती सर्वांची होती. म्हणून माझी विनंती आहे की दांडी आजोबांच्या नावाने लावू नका, घराच्या नावाने लावा. आपणही ती धरा, मुलांनाही धरू द्या. अंधाऱ्या पहाटे साबणाच्या फरशीवर तिशीतला माणूसही घसरतो. आणि एखाद्या दिवशी आईने आपण होऊन आधार मागितला, तर हसू नका. त्याच दिवशी सुतार बोलवा.

आता कार्यवाहांच्या प्रश्नाकडे येतो. हा विषय उत्सवाला साजेसा आहे का?

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या परक्या शहरात घरोघर फिरून वर्गणी गोळा केली आणि हे सभागृह उभारले, ते तेव्हा पंचविशी-तिशीतले होते. या सभागृहाच्या दाराशी पाच पायऱ्या आहेत. त्यांना कठडा नाही. त्या काळी कठड्याची गरजच कुणाला वाटली नसेल. ही मंडळी त्या पायऱ्या दोन-दोन करून चढत. आज मी येताना मोजले. पहिल्या रांगेतले सात जण दोन्ही बाजूंनी हात धरून वर आणले गेले. मघाशी ज्यांच्याविषयी बोललो त्या ताई एक-एक पायरी, श्वास घेत, चढल्या. आणि संस्थापक सभासदांपैकी तिघे आज येथे नाहीत. मी त्यांना काल फोन केला होता. तिघांनीही प्रकृतीचे कारण सांगितले, त्यांतील एकांनी फोन ठेवता ठेवता म्हटले, "अहो, त्या पायऱ्यांचेच भय वाटते." ज्यांनी ही वास्तू बांधली, त्यांनाच तिच्यात येणे अशक्य व्हावे, ही सुवर्णमहोत्सवाला शोभणारी गोष्ट नव्हे.

पाच पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे तीस इंच उंची. एकास बारा या हिशेबाने तीस फुटांची उतरण लागेल, मध्ये विसाव्याला सपाट जागा ठेवून. आवाराच्या उत्तरेच्या भिंतीलगत तेवढी जागा आहे; मी ती पावलांनी मोजून पाहिली आहे. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडे, पायऱ्यांच्या कडांना पिवळे पट्टे, स्वच्छतागृहात दोन दांड्या आणि बाहेर एक मोठा दिवा. अध्यक्षमहोदय, स्मरणिकेच्या जाहिरातींचा हिशेब आपल्यासमोर येईल तेव्हा शिल्लक रकमेचा पहिला खर्च यावर व्हावा, अशी मी सभेला नम्र विनंती करतो. येत्या गणेशचतुर्थीला त्या तिघा संस्थापकांच्या हातून आरती व्हावी, एवढीच माझी इच्छा आहे.

घरी गेल्यावर आपण प्रत्येकाने एक करावे. आज रात्री सर्व दिवे मालवून अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंत एकदा सावकाश चालून पाहावे आणि आपला हात आधारासाठी कुठे कुठे जातो ते पाहावे. जिथे हात गेला आणि काहीच सापडले नाही, तिथे उद्या खडूने खूण करावी.